चारही चाकांना ताकद देणारी स्टेशन वॅगन: इंधन कुठे जाते आणि खर्च कुठे होतो

एकाच नावाची, एकाच इंजिनाची आणि एकाच मापाची स्टेशन वॅगन अनेकदा दोन प्रकारांत मिळते. एका प्रकारात इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते, तर दुसऱ्यात ती चारही चाकांपर्यंत पोहोचते. दुसऱ्या प्रकाराची किंमत जास्त असते आणि माहितीपत्रकातले मायलेज थोडे कमी असते. गाडी घेणारा माणूस इथे अडतो, कारण चौकशी केली की त्याला दोन टोकाची उत्तरे मिळतात. कोणी सांगतो की चार चाके ओढणारी गाडी इंधन पिऊन तुम्हाला पार थकवेल, आणि कोणी सांगतो की आजच्या तंत्रज्ञानात फरक उरलेलाच नाही. या लेखात तो फरक मोजून पाहायचा आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो: या यंत्रणेमुळे जास्त जाणारे इंधन लोकांना वाटते त्याहून कमी असते, आणि टायर व तेलांवर होणारा खर्च लोकांना वाटतो त्याहून जास्त असतो. पहिला आकडा माहितीपत्रकात छापलेला असतो, दुसरा कुठेच छापलेला नसतो.

आधी तीन शब्द

स्टेशन वॅगन म्हणजे सेडान गाडीचे छप्पर मागच्या टोकापर्यंत सरळ वाढवून डिकी प्रवाशांच्या दालनाला जोडलेली गाडी. तिची उंची साधारण सेडानइतकीच असते, पण मागची आसने दुमडली की सामानाला एसयूव्हीइतकी, कधी त्याहूनही सोयीची जागा मिळते. इंधनाच्या हिशेबात ही कमी उंची फार मोलाची ठरते.

ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारी यंत्रणा. जुन्या जीपगाड्यांत लिव्हर ओढून पुढची आणि मागची चाके एकमेकांशी घट्ट जोडली जात. ती जोडणी चिखलात किंवा बर्फातच वापरायची असे, कोरड्या डांबरी रस्त्यावर नाही. ऑल व्हील ड्राइव्ह मात्र रोजच्या रस्त्यावर चालकाने काहीही न करता आपोआप काम करते.

तिसरा शब्द डिफरन्शियल. कवायतीत चार मुलांची रांग कोपऱ्यावर वळते तेव्हा आतल्या मुलाची पावले छोटी पडतात आणि बाहेरच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडी वळताना चाकांचेही तसेच होते, चारही चाके वेगवेगळे अंतर कापतात. त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देऊनही ताकद पोहोचवत राहणारी दातेरी चक्रांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल. फक्त दोन चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत (पुढे तिला 'दोन चाकांची' आणि दुसरीला 'चार चाकांची' म्हटले आहे) असे एक डिफरन्शियल पुरते. चारही चाके चालवायची तर मागे दुसरे लागते, आणि पुढचा व मागचा भाग जोडणाऱ्या ठिकाणी तिसरे डिफरन्शियल किंवा त्याचे काम करणारा क्लच, म्हणजे चकत्या एकमेकींवर दाबून ताकद जोडणारा आणि सैल करून सोडणारा भाग, लागतो.

स्टेशन वॅगन आणि चारही चाकांची ताकद यांची जोडी जुनी आहे. जपानमधल्या एका वीज कंपनीला बर्फाच्या प्रदेशात तारांच्या दुरुस्तीसाठी फिरायला जीपपेक्षा उबदार आणि आरामशीर गाडी हवी होती. त्या मागणीतून सुबारूने १९७२ मध्ये लिओने ही चारचाकी ताकदीची वॅगन बाजारात आणली. अमेरिकेत एएमसी कंपनीची ईगल १९८० च्या सुमारास आली आणि तिचाही वॅगन प्रकार होता. सामान, माणसे आणि अवघड रस्ता या तिन्हींची गरज एकाच घराला असते, हे त्या काळीच लक्षात आले होते.

मायलेजचा आकडा फसवतो तो असा

आपल्याला 'लिटरला किती किलोमीटर' असे विचारायची सवय आहे. खर्चाच्या हिशेबात मात्र हा आकडा दिशाभूल करतो. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी १२ देऊ लागली, तर हजार किलोमीटरला लागणारे इंधन १०० लिटरवरून सुमारे ८३ लिटरवर येते, म्हणजे १७ लिटर वाचतात. लिटरला २० देणारी गाडी २२ देऊ लागली, तर ५० लिटरचे साधारण साडेपंचेचाळीस होतात आणि बचत साडेचार लिटरच होते. दोन्हीकडे वाढ '२ किलोमीटर' एवढीच दिसते, पण खिशावरचा परिणाम जवळजवळ चौपट वेगळा असतो. म्हणून अनेक देशांत 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असे मोजतात, आणि या लेखात मीही तेच माप वापरणार आहे.

उदाहरणासाठी दोन वॅगन घेऊ. दोन चाकांची वॅगन शंभर किलोमीटरला साडेसात लिटर घेते आणि चार चाकांची आठ लिटर. हे आकडे कोणा विशिष्ट गाडीचे नाहीत, पण मध्यम आकाराच्या पेट्रोल वॅगनला शोभणारे आहेत. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवले तर पहिलीला ११२५ लिटर लागतील आणि दुसरीला १२००. फरक ७५ लिटरचा, म्हणजे ५० लिटरच्या टाकीच्या हिशेबाने वर्षाकाठी दीड टाकी. हा फरक खरा आहे आणि दरवर्षी भरावा लागणारा आहे, पण 'पार थकवेल' या वर्णनात बसणारा नाही.

गाडी नेमके कशाशी झगडते

सपाट रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टींशी झगडावे लागते. पहिली म्हणजे हवा. दुसरी म्हणजे टायरचा रोध. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकताच पुन्हा मूळ आकारात येतो, आणि या सततच्या दबण्या-फुगण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. टायरचा रोध गाडीच्या वजनाबरोबर वाढतो, वेगाबरोबर त्यात फारसा फरक पडत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की हवा चौपट जोराने अडवते.

सोळाशे किलो वजनाच्या, समोरून साधारण सव्वादोन चौरस मीटर क्षेत्रफळ दाखवणाऱ्या निमुळत्या वॅगनचा हिशेब केला, तर टायरचा रोध सुमारे १६ किलो वजनाइतका निघतो. गाडीच्या मागे बांधलेली दोरी कोणीतरी सतत तेवढ्या जोराने ओढत आहे असे समजावे. ताशी ५० किलोमीटर वेगाला हवेचा रोध जेमतेम ८ किलोइतका असतो. ताशी ७० च्या आसपास दोन्ही रोध बरोबरीला येतात. ताशी १०० ला हवा ३१ किलोच्या जोराने ओढते आणि ताशी १२० ला ४५ किलोच्या.

आता त्याच कुटुंबाने वॅगनऐवजी उंच, चौकोनी एसयूव्ही घेतली असे समजा. तिचे समोरचे क्षेत्रफळ जास्त आणि आकार हवेला कमी मानवणारा, त्यामुळे ताशी १०० लाच तिला ४५ किलोच्या आसपास हवेचा रोध सोसावा लागतो. वॅगन ताशी १२० ने जाताना हवेशी जेवढी झगडते, तेवढी ही गाडी ताशी १०० लाच झगडते. लांबच्या प्रवासात वॅगन किफायतशीर ठरते याचे मूळ या एका तुलनेत आहे. चार चाकांच्या यंत्रणेला दोष देणारे पुष्कळ लोक प्रत्यक्षात उंच गाडीच्या आकाराचा खर्च त्या यंत्रणेच्या नावावर टाकत असतात, कारण ही यंत्रणा त्यांनी बहुधा उंच गाड्यांतच पाहिलेली असते.

मग चार चाकांचा स्वतःचा वाटा किती

या यंत्रणेमुळे इंधन तीन वाटांनी जास्त जाते. पहिली वाट वजनाची. मधला लांब शाफ्ट (ताकद मागे नेणारा फिरता दांडा), मागचे डिफरन्शियल, मागच्या चाकांचे दोन आखूड शाफ्ट आणि त्यांना धरून ठेवणारे लोखंड मिळून साधारण ५० ते ८० किलो भरतात. पंचेचाळीस किलो वजन वाढले की मायलेज सुमारे एका टक्क्याने घटते असा ढोबळ नियम आहे, तेव्हा वजनाचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास येतो. थांबत-निघत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत तो जास्त जाणवतो, कारण तिथे प्रत्येक वेळी तेवढे वजन नव्याने हलवावे लागते.

दुसरी वाट घर्षणाची. बहुतेक लहान आणि मध्यम गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असते. त्यातून मागे ताकद न्यायची तर तिला आधी पुढे एका काटकोनात वळवावे लागते आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये पुन्हा एकदा. काटकोनात वळवणारी दातेरी चक्रे एकमेकांवर घासत फिरतात आणि प्रत्येक वळणाला थोडी ताकद उष्णता होऊन निघून जाते. डिफरन्शियल हाताला गरम लागते ते यामुळेच.

तिसरी वाट तेलाची. ही चक्रे दाट तेलात बुडालेली असतात आणि ते तेल सतत घुसळायलाही ताकद लागते. थंडीत, गाडी नुकतीच सुरू झाल्यावर, हे तेल अधिकच दाट असते.

जुन्या सायकलचा डायनामो आठवून पाहा. तो टायरला टेकवला की पेडल जड व्हायचे. दिव्याची वायर काढून ठेवली तरी, डायनामो टेकलेला असेपर्यंत पेडल पूर्ण हलके होत नसे, कारण दिवा लागो वा न लागो, त्याचे चाक टायरवर घासत फिरतच असे. मागच्या चाकांपर्यंतचा शाफ्ट हा असाच टेकलेला डायनामो आहे. मागची चाके काही काम करत असोत वा नसोत, तो फिरतो आणि त्याला फिरवण्याची किंमत इंजिन भरते.

या तिन्ही वाटा एकत्र केल्या की बहुतेक गाड्यांत ५ ते १० टक्के जास्त इंधन जाते. आपल्या उदाहरणातला अर्धा लिटर या पट्ट्यात बसतो. आता शेजारी दुसरा आकडा ठेवू. अमेरिकी सरकारच्या इंधनबचतीविषयीच्या माहितीनुसार, टपावर बसवलेली सामानाची मोठी पेटी ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला मायलेज १० ते २५ टक्के घटवते. दोन चाकांची छोटी गाडी घेऊन टपावर पेटी लादणाऱ्याचे हमरस्त्यावर त्या पेटीपायी जाणारे जादा इंधन चार चाकांच्या यंत्रणेपायी जाणाऱ्यापेक्षा अधिक असू शकते. ज्यांचे सामान वॅगनच्या पोटात मावते, त्यांनी टपावरचे कॅरिअरचे रिकामे दांडेसुद्धा काम संपल्यावर काढून ठेवावेत.

'गरज नसेल तेव्हा मागची चाके सोडून का देत नाहीत?'

हा प्रश्न रास्त आहे आणि जुनाही आहे. इंधन महागलेल्या काळात एएमसीने १९८१ च्या ईगलमध्ये दोन किंवा चार चाके निवडण्याचे बटण दिले होते, ते इंधन वाचवण्यासाठीच.

आजच्या पुष्कळ वॅगन गाड्यांत मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी संगणकाच्या हुकमाने चालणारा क्लच असतो. पुढची चाके घसरू लागली, किंवा घसरतील असे वाटले, की तो क्षणार्धात आवळला जातो आणि एरवी सैल राहतो. हाल्डेक्स या नावाने ओळखला जाणारा क्लच १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक युरोपीय गाड्यांत वापरला गेला. पण हा क्लच मागच्या टोकाला असतो, त्यामुळे तो सैल असतानाही लांब शाफ्ट फिरतच राहतो. दिव्याची वायर काढली, डायनामो मात्र टेकलेलाच. पुढची पायरी म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांना सोडवणारी यंत्रणा, ज्यात गरज नसताना शाफ्ट चक्क थांबतो. आउडीने २०१६ मध्ये 'क्वाट्रो अल्ट्रा' या नावाने आणलेली यंत्रणा या जातीची आहे. इथे डायनामो टायरवरून खरोखर उचलला जातो. वजन तेवढेच राहते, घर्षणाचा बराचसा भाग मात्र वाचतो.

संकरित, म्हणजे हायब्रिड, गाड्यांनी आणखी वेगळा मार्ग काढला. मागच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर दिली की मधला शाफ्टच लागत नाही. व्होल्वोच्या व्ही-६० वॅगनच्या प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या, प्रकारात पुढची चाके डिझेल इंजिन चालवत असे आणि मागची विजेची मोटर. अशा गाडीत मागची मोटर ब्रेक लावताना उलट वीजही गोळा करते, त्यामुळे चार चाकांपायी बसणारा भुर्दंड काही अंशी भरून निघतो. मला हा मार्ग सर्वांत समंजस वाटतो, जरी बॅटरीचे वजन आणि सुरुवातीची किंमत हे त्याचे वेगळे हिशेब असले तरी.

'छापलेले मायलेज मला का मिळत नाही?'

छापलेला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या वेगाच्या आलेखानुसार काढलेला असतो. युरोपात पूर्वी वापरली जाणारी चाचणी २० मिनिटांची आणि ११ किलोमीटरची होती आणि प्रत्यक्ष रस्त्याशी तिचे नाते क्षीण होते. २०१७ पासून तिची जागा घेणारी डब्ल्यूएलटीपी चाचणी अर्ध्या तासाची, सव्वातेवीस किलोमीटरची आहे आणि तिचा कमाल वेग ताशी १३१ किलोमीटर आहे. म्हणून जुन्या गाडीचा जुन्या चाचणीतला आकडा नव्या गाडीच्या नव्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तुलना करायची तर एकाच चाचणीतले आकडे घ्यावेत, आणि तेही आपल्या वापराशी जुळणाऱ्या भागाचे.

छोट्या फेऱ्यांचा फटका वेगळा आहे. उणे ७ अंश तापमानात साध्या पेट्रोल गाडीचे शहरातले मायलेज २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घटते, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. चार चाकांच्या गाडीत इंजिनाबरोबर मागच्या डिफरन्शियलचे तेलही गरम व्हावे लागते आणि ते इंजिनापेक्षा सावकाश गरम होते. ज्याच्या सगळ्या फेऱ्या अशा छोट्या आहेत, त्याला ही यंत्रणा तुलनेने महाग पडते.

स्वतःचा आकडा काढायची सर्वांत भरवशाची रीत टाकी पूर्ण भरण्याची आहे. टाकी भरावी, किलोमीटरचा फेरीमापक शून्यावर आणावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुन्हा टाकी भरताना लिटर व किलोमीटर दोन्ही लिहून ठेवावेत. समजा ६१२ किलोमीटरला ५१.४ लिटर लागले, तर शंभराला ८.४ लिटर पडले. एका टाकीवर निष्कर्ष काढू नये. पंप बंद पडण्याची जागा, उतार, टाकीतली हवा यांमुळे लिटरभराची चूक सहज होते, पण पाच-सहा टाक्यांच्या बेरजेत ती चूक नगण्य होते. गाडीच्या पडद्यावरचा आकडा बऱ्याचदा प्रत्यक्षापेक्षा जरा बरा दिसतो, म्हणून वही ठेवलेली बरी.

टायरचा हिशेब नीट समजून घ्यावा

आता माझ्या मते या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो.

टायर झिजला की त्याचा व्यास कमी होतो. ६८० मिलिमीटर व्यासाच्या नव्या टायरचा परीघ सुमारे २१३६ मिलिमीटर असतो. त्याच्या खाचा आठ मिलिमीटरवरून चार मिलिमीटरवर आल्या, तर व्यास आठ मिलिमीटरने घटून परीघ २१११ वर येतो. फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पण एका किलोमीटरमध्ये नवा टायर ४६८ फेऱ्या मारतो आणि झिजलेला जवळजवळ ४७४. म्हणजे दर किलोमीटरला साडेपाच फेऱ्यांचा फरक आणि शंभर किलोमीटरला साडेपाचशेचा.

दोन चाकांच्या गाडीत पुढचे दोन टायर नवे आणि मागचे दोन जुने असले तरी यंत्रणेचे काही बिघडत नाही, कारण पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना जोडलेले नसतात. चार चाकांच्या गाडीत मात्र हा फरक मधल्या जोडणीला सतत गिळावा लागतो. वळणापुरता काही सेकंद काम करण्यासाठी बनवलेला क्लच किंवा मधले डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही तासन्‌तास घासत राहते, तापते, तेल जळते आणि शेवटी यंत्रणा निकामी होते. एकच टायर नवा घातला तरी सुटका नाही. तेव्हा त्या बाजूचे डिफरन्शियल न थांबता राबते आणि निम्मा फरक मधल्या जोडणीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच अशा गाड्यांचे उत्पादक चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावेत असा आग्रह धरतात. सुबारूसारखी कंपनी तर परिघातला फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटरच्या, आत ठेवायला सांगते. वरच्या उदाहरणातला फरक २५ मिलिमीटरचा होता.

याचा व्यवहारातला अर्थ कडू आहे. अर्धे आयुष्य संपलेल्या चार टायरांपैकी एकाच्या बाजूला दगडाने चीर पडली, की दोन चाकांच्या गाडीचा मालक एक किंवा दोन टायर घेऊन मोकळा होतो आणि चार चाकांच्या गाडीच्या मालकाला चारही घ्यावे लागू शकतात. एका क्षणात तीन चांगल्या टायरांचे उरलेले आयुष्य फुकट जाते, आणि ते नुकसान वर्षभराच्या दीड टाकी इंधनाहून सहज मोठे असते. बचाव काही प्रमाणात करता येतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे फिरवावेत म्हणजे झीज सारखी राहते. जादा टायर पूर्ण मापाचा असेल तर त्यालाही या फेरबदलात घ्यावे, म्हणजे वेळ आली की पाचवा टायर बाकीच्यांइतकाच झिजलेला हाताशी असतो. आणि हवेचा दाब दर महिन्याला तपासावा.

'जोर चार चाकांत वाटला जातो, मग टायर कमी झिजायला नकोत का?'

यात तथ्य आहे. पुढच्या चाकांच्या गाडीत ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा भार ही तिन्ही कामे पुढचे टायर करतात आणि ते लवकर झिजतात. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ओढण्याचे काम वाटले जाते आणि झीज अधिक समान होते. पण ज्या गाड्यांत मागची चाके गरजेपुरतीच जोडली जातात, त्यांत रोजच्या रस्त्यावर हा फायदा नाममात्र उरतो. शिवाय झीज समान असो वा नसो, चारही टायर एकत्र बदलण्याची अट कायमच राहते.

विसरली जाणारी तेले

इंजिन ऑइल बदलायचे हे सर्वांना ठाऊक असते. चार चाकांच्या वॅगनमध्ये त्याखेरीज गिअरबॉक्सचे, पुढे ताकद वळवणाऱ्या पेटीचे, मागच्या डिफरन्शियलचे आणि क्लच असल्यास त्याचे अशी आणखी तेले असतात. प्रत्येक ठिकाणी तेल थोडेच असते, बहुतेकदा लिटरभर किंवा त्याहूनही कमी. पण थोडे तेल म्हणजे लवकर खराब होणारे तेल. ताकद वळवणारी पुढची पेटी पुष्कळदा एक्झॉस्टच्या नळीजवळ बसवलेली असते आणि तिच्यातले अर्धा-पाऊण लिटर तेल त्या उष्णतेत वर्षानुवर्षे शिजत राहते.

क्लचची गोष्ट अधिक फसवी आहे. त्याच्या चकत्यांची झीज तेलात उतरते, तो गाळ पंपाच्या जाळीवर साचतो, पंप थकतो आणि एके दिवशी बंद पडतो. गाडी मात्र पुढच्या चाकांवर छान चालत राहते. सूचनेचा दिवा लागलाच नाही, किंवा लागूनही दुर्लक्षित राहिला, तर मालकाला आपली गाडी दोन चाकांची झाली आहे हे कळते ते थेट चढावावरच्या बर्फात किंवा ओल्या गवताच्या मैदानात. इतकी वर्षे जास्त इंधन भरून ज्या क्षणासाठी ही यंत्रणा सांभाळली, नेमक्या त्याच क्षणी ती हाताशी नसते. हे टाळायला दर काही वर्षांनी लिटरभर तेल पुरते, म्हणून मला हे दुर्लक्ष फार खटकते. 'आयुष्यभराचे तेल' असे कुठे लिहिलेले असले, तर त्यातले आयुष्य कोणाचे मोजले आहे हे विचारावे. वॉरंटीचे आयुष्य आणि गाडीचे आयुष्य सारखे नसते.

ओढून नेण्याच्या बाबतीतही एक दक्षता घ्यावी. बंद पडलेली अशी गाडी दोन चाके उचलून आणि दोन रस्त्यावर ठेवून नेली, तर मधली जोडणी जळू शकते. तिला चारही चाके वर घेणाऱ्या सपाट वाहनावरूनच न्यावे आणि मदतीला बोलावतानाच तसे स्पष्ट सांगावे.

'निदान सुरक्षितता तरी वाढते ना?'

निघताना आणि चढताना निश्चित वाढते. पकड फार कमी असलेल्या बर्फावर, जिथे वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच जोर चाकाला लावता येतो, चारही चाके ओढत असतील तर तत्त्वतः दहा मीटरला एक मीटर चढाव जमतो. पुढच्या चाकांच्या गाडीत वजनाचा साधारण निम्मा-अधिक भाग पुढच्या चाकांवर असतो, त्यामुळे तिला त्याच्या निम्म्याच चढावावर हात टेकावे लागतात. डोंगरात, शेताच्या वाटेवर किंवा जड ट्रेलर ओढताना हा फरक अमूल्य आहे.

थांबताना मात्र तो फरक शून्य होतो. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. ताशी ६० च्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यापासून सुमारे १८ मीटरमध्ये थांबते आणि निसरड्या बर्फावर तिला जवळजवळ १४० मीटर लागतात. या हिशेबात वेग येतो आणि टायरची पकड येते, ताकद किती चाकांना जाते याचा त्यात उल्लेखही नसतो. चार चाकांची गाडी निसरड्या रस्त्यावर निघते इतकी सहज की रस्ता निसरडा आहे हेच चालकाला जाणवत नाही, आणि धोका तिथेच सुरू होतो. हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या प्रदेशात राहणाऱ्याला निवड करावी लागली, तर चांगले हिवाळी टायर घातलेली दोन चाकांची वॅगन मी साध्या टायरांच्या चार चाकांच्या वॅगनच्या आधी निवडेन.

जुनी वॅगन घ्यायची असेल तर

नव्या गाडीच्या एकूण खर्चात पहिल्या काही वर्षांत किमतीची घसरण इंधनाहूनही मोठी असू शकते, म्हणून पुष्कळ जण पाच-सात वर्षे वापरलेली वॅगन शोधतात. ते शहाणपणाचे आहे, फक्त अशा गाडीच्या तपासणीत दोन गोष्टी आधी कराव्यात. खाचा मोजणारी छोटी पट्टी घेऊन चारही टायरांची खोली मोजावी आणि कडेवर छापलेले नाव, माप व निर्मितीचा आठवडा-वर्ष ताडून पाहावे. चारांत चार वेगळी नावे दिसली, तर आधीच्या मालकाने वरचा टायरांचा हिशेब कधी केलेला नाही असे समजावे. मग गाडी अर्धा तास चालवून नीट गरम झाल्यावर मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश गोल फेरी मारावी, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे. गाडी गुळगुळीत फिरली तर ठीक. ती अडखळू लागली, कोणीतरी मधूनच हलका ब्रेक लावत असल्यासारखे हिसके देऊ लागली किंवा खालून दबका कुरकुर आवाज आला, तर मधली जोडणी मोकळी होत नसल्याची शक्यता आहे. अशा वेळी विक्रेत्याकडे डिफरन्शियल आणि क्लचचे तेल शेवटचे कधी बदलले याची पावती मागावी, आणि पावती नसेल तर त्या यंत्रणेच्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीत आधीच धरून मग बोलणी सुरू करावीत.